रणगाड्याचं मॉडेल: पहिल्या कापापासून शेवटच्या चिखलापर्यंत

खोकं उघडून पहिला भाग कापण्याआधी मी एक गोष्ट ठरवतो: हा रणगाडा कुठे होता, कोणत्या ऋतूत होता आणि किती दिवस राबला होता. एवढं ठरलं की पुढची निम्मी कामं आपोआप ठरतात. चिखलात लडबडलेल्या गाडीच्या पोटाखालचे सांधे तासन्‌तास घासण्यात अर्थ नसतो. कारखान्यातून नुकत्याच निघालेल्या गाडीवर गंजाचे ओघळ दिसले तर ते खोटे वाटतात. कितीतरी मॉडेलं मी अशी पाहिली आहेत की जोडणी चोख, रंग चोख, पण अंगावरचा एकेक डाग कुठून आला ते काही केल्या कळत नाही. डागाला कारण हवं. हा सगळा लेख त्याच एका आग्रहापोटी लिहिला आहे.

उदाहरणासाठी शेवटपर्यंत एकच गाडी धरू: सोव्हिएत टी-३४/८५. काळ १९४५ चा वसंत, बर्फ वितळून रस्त्यांचा राडा झालेला, आणि इंजिनावरच्या पाठीवर पायदळाचे सैनिक दाटीवाटीने बसलेले.

हीच गाडी का? पहिल्या-दुसऱ्या मॉडेलसाठी तिच्याइतकी समजूतदार गाडी क्वचितच मिळते. पत्रे सपाट, बाजूला पाच मोठी चाकं, वर छोटी आधारचाकं नाहीत, रंग एकच. जर्मन टायगरची एकमेकांत गुंतलेली चाकं रंगवणं कष्टाचं आहे. शिवाय १९४३ च्या फेब्रुवारीनंतरच्या जर्मन गाड्यांवर गडद पिवळ्यावर हिरवे आणि तांबूस पट्टे येतात, आणि त्याच वर्षाच्या उत्तरार्धापासून साधारण वर्षभर झिमेरिटचा, म्हणजे चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून लावलेला, खरबरीत लेपही येतो. ते सगळं करण्यात मजा आहे, पण हात बसल्यावर.

प्रमाण १/३५ घ्या. जपानच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याचं मोटरवर चालणारं मॉडेल काढलं. आत मोटर आणि बॅटरी मावायला हव्यात म्हणून त्याचा आकार ठरला आणि तो १/३५ च्या आसपास भरला. पुढे हेच प्रमाण रणगाड्यांच्या मॉडेलचं रूढ माप झालं. टी-३४ चं धड प्रत्यक्षात ६.१ मीटर लांब, म्हणजे मॉडेलमध्ये साडेसतरा सेंटीमीटर भरतं. हातात नीट मावतं आणि छोटे तपशीलही डोळ्यांना दिसतात. १/७२ ची मॉडेलं गोड असतात, पण झिजलेल्या रंगाचा टवका त्या मापात दाखवायचा तर तो सुईच्या टोकाएवढा करावा लागतो.

हत्यारं फार लागत नाहीत. एका बाजूने सपाट पातं असलेला चांगला निपर, धारदार कटर आणि त्याची भरपूर जादा पाती, बारीक टोकाचा चिमटा, ४०० पासून १००० नंबरपर्यंतचे पॉलिशपेपर, प्लॅस्टिक जोडायचा पातळ सिमेंट, धातूच्या भागांसाठी सुपरग्लू, फटी भरायला थोडी लांबी (पुट्टी) आणि मास्किंग टेप. पैसे वाचवायचेच असतील तर दुसरीकडे वाचवा, निपरमध्ये नको. बोथट निपर प्लॅस्टिक कापत नाही, चिरडतो. मग कापल्या जागी पांढरा डाग पडतो आणि तो घासून काढताना भागाचा आकार बिघडतो.

जोडणी

खोक्यातले भाग प्लॅस्टिकच्या फ्रेमला जोडलेले येतात; प्रत्येक भाग त्या फ्रेममधून दोन कापांत सोडवायचा. पहिला काप भागापासून जरा लांब, दुसरा जवळ, तरीही अर्धा मिलिमीटर ठेवून. उरलेला खुंट कटरने हलकेच तासायचा आणि शेवटी पॉलिशपेपर. साच्याचे दोन भाग मिळतात तिथे प्रत्येक भागावर एक बारीक उंच रेघ राहते. ती कटरच्या पात्याची धार उभी धरून खरवडून काढायची. ही रेघ चाकांवर, तोफेच्या नळीवर आणि हाताने धरायच्या दांड्यांवर राहिली तर पुढे ती सगळा वॉश, म्हणजे फटींत उतरवायचा पातळ गडद रंग, स्वतःकडे ओढून घेते आणि दुरूनही दिसते. नळी दोन अर्ध्या तुकड्यांची असेल तर जोडून पूर्ण वाळू द्या आणि घासताना ती बोटांत फिरवत राहा. एकाच जागी घासलीत तर गोल नळी चपटी होते.

पातळ सिमेंट हा खरं तर गोंद नव्हे. तो प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवतो, दोन्ही बाजू एकमेकांत मिसळतात आणि द्रव उडून गेला की सांधा एकजीव होतो. म्हणून आधी भाग कोरडेच जुळवून बघा, मग धरून ठेवा आणि सांध्याच्या एका टोकाला ब्रश टेकवा. द्रव फटीतून स्वतः धावतो. धड आणि टरेट (वरचा फिरता तोफेचा बुरूज) यांचे लांब सांधे जरा दाबून धरले की मऊ प्लॅस्टिकचा बारीक मणी बाहेर येतो. तो लगेच पुसू नका. दुसऱ्या दिवशी घासा, लांबी लावायची गरजही उरत नाही.

चाकांच्या बाबतीत एक नियम कसोशीने पाळा. सस्पेन्शनच्या दांड्या चिकटवल्यावर धड काचेच्या तुकड्यावर ठेवा, चाकं नुसती अडकवा आणि सगळी काचेला टेकतात का ते बघा. बाजूने फूटपट्टी लावून ती एका ओळीत आहेत का तेही बघा. सिमेंट ओला असताना हे सुधारायला दहा सेकंद लागतात. वाळल्यावर हवेत तरंगणारं एक चाक कायमचं नजरेत खुपतं.

आता टरेट. टी-३४/८५ चं टरेट ओतीव पोलादाचं होतं, वाळूच्या साच्यातून निघालेलं, खरबरीत. मॉडेलमध्ये ते बहुधा फारच गुळगुळीत येतं. उपाय सोपा आहे: एका वेळी दोन-तीन सेंटीमीटर जागेवर सिमेंट जरा भरपूर लावा, अर्धं मिनिट थांबा आणि जुन्या राठ ब्रशने टोचत जा. पूर्ण वाळल्यावर ८०० नंबरने वरवर घासून टोकं बोथट करा. पण छतावर हे करू नका. छत हा लाटलेला सपाट पत्रा होता आणि तो ओतीव भिंतींवर वेल्ड केलेला होता. धडाचे पत्रेही लाटलेलेच. खरबरीत भिंत आणि गुळगुळीत छत हा फरक एकदा साधला की रंग चढण्याआधीच मॉडेलला वजन येतं.

पितळी पत्र्याचे कोरीव भाग खोक्यात असतील तर इंजिनावरची जाळी आवर्जून वापरा. बाकीचे पहिल्या खेपेला सोडून दिले तरी चालतील.

पट्टे

मॉडेलवर सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवतो आणि तो सत्कारणी लागतो. हे पट्टे म्हणजे चाकांभोवती फिरणाऱ्या लोखंडी साखळ्या; टी-३४ च्या प्रत्येक बाजूला साधारण ७२ कड्या. एक कडी आतून शिंगासारखा दात असलेली, पुढची सपाट, पुन्हा दाताची, असा क्रम. मागचं चालक चाक याच दातांना रेटून पट्टा ओढतं. खोक्यात एकसंध रबरी पट्टे असतील तर ते वरच्या बाजूला ताठ राहतात, आणि खरा पट्टा असा कधीच नसतो. काही जुन्या मॉडेलांच्या मऊ पट्ट्यांतली रसायनं कालांतराने चाकांचं प्लॅस्टिकही खातात. शक्य असेल तर सुट्या कड्यांचा संच घ्या.

कड्या फूटपट्टीला टेकवून ओळीने जुळवा आणि सांध्यांना अगदी थोडा सिमेंट लावा. वीस-पंचवीस मिनिटांनी ओळ अशी होते की उचलली तर तुटत नाही आणि वाकवली तर वाकते. तीच वेळ. ती चाकांभोवती गुंडाळा, टोकं जुळवा आणि वरच्या बाजूला पट्टा प्रत्येक चाकावर टेकेल अशा बेताने फेंडर (पट्ट्यावरचा पत्र्याचा मडगार्ड) आणि पट्ट्याच्या मध्ये स्पंजचे तुकडे दडपा. या गाडीत वरचा पट्टा थेट मोठ्या चाकांवर लोळतो आणि दोन चाकांमध्ये किंचित झोल खातो. त्या झोलातच पोलादाचं वजन दिसतं. एक अख्खा दिवस हात लावू नका.

यात एक खुबी आहे. चाकं धडाला चिकटवायची नाहीत, नुसती अडकवायची. मग पट्टा वाळल्यावर चाकांसकट एकच तुकडा बाहेर निघतो. धड वेगळं रंगवता येतं, पट्टे वेगळे.

रंग

जोडलेलं मॉडेल कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने धुवा. साच्यातून भाग सुटावेत म्हणून लावलेलं तेल आणि आपल्या बोटांचा चिकटपणा दोन्ही जातात. वाळलं की अस्तर, म्हणजे प्रायमर. राखाडी अस्तर दिलं की राहिलेल्या फटी आणि ओरखडे एकदम उघडे पडतात. ते आत्ताच दुरुस्त करा. पितळ, लांबी आणि प्लॅस्टिक या तिन्हींवर रंग सारखा धरायचा तर अस्तर टाळून चालत नाही.

एअरब्रश असेल तर ०.३ मिलिमीटरची सुई आणि १५ ते २० पीएसआय दाब या कामाला पुरतो. रंग दुधाइतका पातळ करा. पातळ करायचं द्रव त्याच रंगाच्या जातीचं घ्या. तामियाचे अॅक्रिलिक लॅकर थिनरमध्ये सुरेख बसतात, पण वालेहोसारख्या पाण्याच्या रंगात तेच थिनर घातलं तर रंगाच्या गुठळ्या होऊन सुई तुंबते. फवारताना खिडकी उघडी आणि तोंडावर वाफा अडवणारा फिल्टर असलेला मास्क. कापडी मास्क या कामाचा नाही. एअरब्रश नसेल तर पाण्याचे रंग रुंद मऊ ब्रशने तीन-चार पातळ हातांत द्या. पहिला हात ठिगळांसारखा दिसतो. तो पूर्ण वाळू दिला तर चौथ्या हातापर्यंत सगळं सारखं होतं.

सोव्हिएत गाड्यांचा हिरवा '४ बीओ' या नावाने ओळखला जातो. बाटलीतला रंग जसाच्या तसा वापरला तर मॉडेल काळपट दिसतं. खरी गाडी आपण काही अंतरावरून, मधल्या हवेतून बघतो. मॉडेल हातभर अंतरावर असतं आणि त्यावर पडणारा उजेडही कमी. शिवाय पुढचे वॉश त्याला आणखी गडद करणार असतात. म्हणून मूळ रंगात थोडा पिवळसर किंवा फिकट मातकट रंग मिसळून तो वाटतो त्यापेक्षा एक पायरी उजळ ठेवा. पांढरा मिसळला तर हिरवा निळसर, खडूसारखा होतो. सपाट वरचे पत्रे आणि टरेटचं छत आणखी थोडे उजळ, चाकांमागचा आणि फेंडरखालचा भाग गडद. इतकी छटा पुरे. काहीजण प्रत्येक पत्रा वरून पांढुरका आणि खालून काळा करतात. दिसायला ते आकर्षक असतं, पण माझं मन मात्र त्यात रमत नाही.

आकडे आणि चिन्हं लावायच्या आधी तेवढ्या जागी चकचकीत वार्निशचा हात द्या. खरबरीत रंगावर डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून लावायचं पातळ छापील चित्र, बसवली तर खाली हवा अडकते आणि कडेला चंदेरी झाक दिसते. ओतीव टरेटवर डिकल मऊ करणारं द्रव लावा. ती क्षणभर सुरकुतेल, तिला हात लावू नका. वाळताना ती पृष्ठभागाला घट्ट बिलगते. मग सगळीकडे अर्धचकचकीत वार्निश देऊन एक दिवस थांबा.

झीज आणि मळ

इथून पुढचं काम थरांचं आहे आणि थरांचा क्रम रसायनांवर ठरतो. खाली अॅक्रिलिक असेल तर वर इनॅमल आणि ऑइल रंग बिनधास्त चालतात, कारण त्यांचं व्हाइट स्पिरिट वाळलेल्या अॅक्रिलिकला इजा करत नाही. उलट केलंत, म्हणजे इनॅमलवरच इनॅमलचा वॉश दिलात, तर खालचा रंगच सुटून येतो. आणखी एक सांगायलाच हवं. एकदा मी चाकांच्या आतल्या बाजूला, जिथे अस्तर पोहोचलं नव्हतं, तिथे वॉश भरपूर ओतला. दुसऱ्या दिवशी सस्पेन्शनच्या दोन दांड्या आपोआप तुटून पडलेल्या होत्या. ताणाखाली असलेल्या उघड्या प्लॅस्टिकमध्ये थिनर मुरलं की ते ठिसूळ होतं. तेव्हापासून वॉश मी ब्रशच्या टोकाने लावतो, आणि आतल्या बाजूंनाही रंग पोहोचल्याची खात्री करून घेतो.

आधी रंगाचे टवके. आपल्या गाडीवर माणसं कुठे पाय ठेवतात? चालक पुढच्या तिरक्या पत्र्यातल्या झाकणातून आत जातो, म्हणजे त्या झाकणाच्या कडा आणि खालचा पत्रा झिजणार. पायदळाचे सैनिक बाजूच्या दांड्या धरून चढतात आणि मागच्या पत्र्यावर बसतात. दांड्यांचा मधला भाग, चढण्याच्या जागेवरची फेंडरची कड आणि इंजिनाचं झाकण झिजणार. टरेटच्या बाजूंच्या मधोमध, जिथे कुणाचा हात जात नाही, तिथे टवके नकोत. स्पंजचा तुकडा फाडून मूळ हिरव्यापेक्षा फिकट रंगात टेकवा, तो कागदावर जवळजवळ कोरडा करा आणि या जागांवर हलके टिपून घ्या. ते झाले वरवरचे ओरखडे. त्यातल्या काही मोजक्यांच्या आत बारीक ब्रशने गडद तपकिरी भरा, तिथे रंग लोखंडापर्यंत गेला आहे. जाड चिलखतावरचा टवका असा गडदच राहतो. भडक नारिंगी गंज मी फक्त मागच्या दोन धुराच्या नळ्यांवर आणि फाटलेल्या पातळ पत्र्यावर ठेवतो. अमेरिकन एम-११३ सारख्या गाडीचं तर धडच अॅल्युमिनियमचं आहे. तिथे तपकिरी टवका म्हणजे सरळ चूक.

फेंडरसारख्या जागी मोठे पोपडे हवे असतील तर हेअरस्प्रेची युक्ती वापरा, पण ती हिरवा देण्याआधीच योजावी लागते. गंजाच्या रंगावर वार्निश, त्यावर हेअरस्प्रेचे दोन पातळ हात, त्यावर हिरवा अॅक्रिलिक. हिरवा हाताला लागेनासा झाला की तासाभराच्या आत कोमट पाण्याने ओला करून राठ ब्रशने खुडा. खालचा हेअरस्प्रे विरघळतो आणि वरचा रंग पोपड्यांनी सुटतो.

मग वॉश. काळा वापरू नका, गडद तपकिरी घ्या. बारीक ब्रशने बोल्टच्या भोवती, वेल्डच्या कडेला, झाकणांच्या फटींत टेकवा. अर्ध्या तासाने स्वच्छ थिनरमध्ये बुडवून पुसलेल्या ब्रशने जादा भाग काढा. उभ्या पत्र्यावर ब्रश नेहमी वरून खाली ओढा, पाणी जसं वाहतं तसं.

यानंतरचं काम मला सर्वात प्रिय आहे. पुठ्ठ्यावर ऑइल रंगाचे चार-पाच ठिपके काढा: पांढरट पिवळा, मातकट, गडद तपकिरी, जुन्या शेवाळ्यासारखा हिरवा. तासभर तसेच ठेवा, पुठ्ठा त्यातलं जवसाचं तेल शोषून घेतो आणि मग रंग चकाकत नाही. एका पत्र्यावर टाचणीच्या डोक्याएवढे दोन-तीन ठिपके द्या आणि थिनरने जेमतेम ओलावलेल्या ब्रशने खालच्या दिशेने विरवत न्या. शेजारच्या पत्र्यावर वेगळी जोडी. एकरंगी हिरव्या गाडीवर हळूहळू उन्हाने विटलेल्या, पावसाने धुतलेल्या छटा उमटतात. ओघळ फार ठळक झाला तर कोरड्या ब्रशने पुसा. ऑइल रंग सावकाश वाळतो, त्यामुळे घाई नाही. एक पत्रा संपल्याशिवाय दुसऱ्याला हात घालू नका, आणि सगळं झाल्यावर निदान दोन दिवस वाळू द्या.

आता चिखल. तो एका रंगाचा, एका दिवसाचा नसतो. सगळ्यात खाली जुना वाळलेला, फिकट. त्यावर कालचा, मध्यम. त्यावर आजचा, ओला आणि गडद. फिकट मातीचं पिगमेंट, म्हणजे सुटी रंगीत पूड, कोरड्या ब्रशने चाकांच्या खोबणीत, धडाच्या खालच्या बाजूवर आणि फेंडरवर टाका आणि ब्रशच्या टोकाने थिनरचा थेंब सोडा. तो स्वतःच पसरतो. ओली पूड खूप गडद दिसते, वाळली की एकदम उजळते. तुकड्यावर करून बघा, मगच गाडीवर. दाट चिखलासाठी पिगमेंटमध्ये बारीक प्लास्टर, थोडं अॅक्रिलिक माध्यम आणि अर्धा सेंटीमीटर कापलेले गवताचे कृत्रिम धागे मिसळा. हा गारा कुठे जातो याचाही विचार करा. मागच्या चाकाकडे पट्टा वर वळतो आणि चिखल मागच्या पत्र्यावर फेकतो, तिथे तो जाड हवा. फेंडरच्या खाली ढेकळं हवीत. धडाच्या वरच्या भागावर मात्र फक्त शिंतोडे, आणि तेही ब्रश गाऱ्यात बुडवून त्यावर एअरब्रशची नुसती हवा सोडून उडवलेले. आधी कागदावर दोनदा उडवा. पहिला शिंतोडा नेहमी फार मोठा असतो. सर्वात वरच्या, आजच्या थरात थोडं चकचकीत वार्निश मिसळलं की ओलावा दिसतो.

पट्टे सुटेच असताना त्यांना गडद तपकिरी-राखाडी रंग, मग हाच चिखल द्या. वाळल्यावर जमिनीला घासणाऱ्या उंच कडा बोटाने पुसून घ्या आणि तिथे मऊ पेन्सिलीच्या शिशाची पूड चोळा. आतल्या दातांच्या कडांवरही चोळा, कारण चालक चाक त्यांनाच रेटतं. चाकांना रबरी धावा आहेत म्हणून त्यांच्या मार्गावर चकाकी मंद ठेवा. अमेरिकन शर्मनच्या रबरी ठोकळ्यांच्या पट्ट्यांवर तर चकाकी फक्त लोखंडी जोडण्यांवर येते. चाकांच्या रबरी कडांवरचा चिखल बोटाने थोडा पुसून टाका. धावताना तो तिथे टिकत नाही.

शेवटी तेल आणि काजळी. टी-३४ च्या बाजूंवरच्या गोल टाक्या इंजिनाला जोडलेल्या नसत; त्यांतलं डिझेल हाताने आतल्या टाक्यांत घ्यावं लागे आणि अर्थातच ते सांडे. म्हणून टाकीच्या झाकणापासून खाली एक-दोन ओघळ द्या: गडद तपकिरी ऑइल रंग, थोडं चकचकीत वार्निश, आणि त्यावर बसलेली धूळ. धुराच्या नळ्यांच्या तोंडाशी काळं पिगमेंट, मागच्या पत्र्यावर विरत जाणारं.

मग गाडी एका जागी ठेवून मोबाइलने चारही बाजूंनी फोटो काढा. डोळ्यांना सवय झालेली असते, फोटोला नसते. एखादा टवका फार मोठा, एखादा ओघळ तिरका, चाकाच्या मागे राहिलेलं उघडं प्लॅस्टिक असं काहीबाही तिथे दिसतं. तेवढं दुरुस्त करा. आणि मागच्या पत्र्यावर, जिथे सैनिक बसले होते, तिथे ब्रशच्या टोकाने बुटांच्या तळव्यांएवढे चिखलाचे दोन-तीन ठसे उमटवा. १/३५ मध्ये एक ठसा साधारण ८ मिलिमीटर लांब होतो.